हमीदभाऊंचा कोरडा मसाला

नागभीडला बदली होऊन आले, त्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी शाळेतून घरी येत होते. आमच्या गल्लीत शिरले आणि शिंका सुरू झाल्या. माझ्या एकटीच्या नव्हे, सगळ्या गल्लीच्या. समोरच्या ओट्यावर बसलेली म्हातारी पदर नाकाला लावून शिंकत होती, सायकलवाला पाय टेकून शिंकत होता. माझ्या खोलीसमोरच्या घराच्या दारात लुंगी आणि बनियन घातलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा, धिप्पाड माणूस कमरेवर हात ठेवून हे सगळं समाधानाने पाहत होता.

"नव्या मॅडम तुमीच का?" तो म्हणाला. "शिंका येऊन राह्यल्या ना? येऊ द्या. भिवापुरी मिरची भाजून राह्यलो. ज्या मिरचीनं शेजारी शिंकत नाई, ती मिरची मी घेत नाई."

आतून एक बाईचा आवाज आला, "माफी मांगा पहले. फिर मिरची की तारीफ करना."

"माफी आहेच ना," तो म्हणाला आणि मागितली मात्र नाही.

हे हमीदभाऊ. आतला आवाज त्यांच्या बायकोचा, रुकय्याभाभींचा. पुढे सात-आठ वर्षं मी त्यांच्या समोर राहिले.

संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यावर हमीदभाऊंची गाडी लागायची. लोखंडी लांबट शेगडी, वर जाळी आणि जाळीवर भाजलेले कोंबडे. तंदुरी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "तंदूर कुठी आहे इथी? हा भुजलेला कोंबडा आहे," असं ते गिऱ्हाइकाला सुनवायचे. दही लावलेल्या कोंबड्याबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. दही लावलं की मांस मऊ पडतं, पण त्याला स्वतःची चव राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मसाला कोरडा. तो लावायचा नाही, चोळायचा. आधी नुसतं मीठ चोळून कोंबडा ठेवून द्यायचा, सुटलेलं पाणी फडक्याने टिपायचं आणि मग मसाला. तळहाताच्या उंचवट्याने, कातडीच्या आत बोटं घालून, सांध्यांच्या खळग्यांत दाबून दाबून. हे करताना ते बोलायचे नाहीत. एरवी त्यांचं तोंड बंद असलेलं मी क्वचितच पाहिलं.

मसाल्यात काय असतं ते मात्र कोणालाच नीट माहीत नव्हतं, कारण ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी सांगितलं होतं की सगळी करामत सुंठीची आहे. स्टेशनवरच्या एका बाबूला दगडफूल सांगितलं. एकदा नागपूरचा एक हॉटेलवाला मुद्दाम गाडी घेऊन आला. दोन दिवस त्यांच्या मागे फिरला, गोड बोलला. हमीदभाऊंनी त्याला बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कानात सांगितलं की वाळवलेल्या सीताफळाच्या पानांची पूड. तो माणूस पानांचं पोतं भरून घेऊन गेला.

"असं खोटं काऊन सांगता?" मीही एव्हाना 'का'ऐवजी 'काऊन' म्हणायला लागले होते.

"खोटं नाई मॅडम. त्यालेही खुशी, मलेही खुशी. कोनाचं काई बिघडलं काय?"

मी मांसाहार करत नाही हे कळल्यावर त्यांना खरं दुःख झालं होतं. मग त्यांनी रताळी आणली, उभी चिरली, तोच मसाला चोळून गाडी लावायच्या आधी कोवळ्या निखाऱ्यांवर भाजली आणि ताटली माझ्या दारात आणून उभे राहिले. "सांगा." मी खाल्लं. तिखट आधी येत नव्हतं. आधी काहीतरी खमंग, दाण्यासारखं स्निग्ध, मग किंचित गोड, आणि मग मिरची सावकाश चढत जायची. मी दुसरी फोड उचलली, तेव्हा ते खूश होऊन निघून गेले.

तो गोडवा मोहफुलांचा होता आणि तो खमंगपणा गोडंबीचा. हे मला पुढे कळलं, आणि नको त्या कारणाने कळलं.

हमीदभाऊंचा एक जिवलग दोस्त होता, वासुदेव गहाणे. धानाची शेती करणारा, बारीक चणीचा, अगदी कमी बोलणारा माणूस. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. एक बोलायचा आणि दुसरा ऐकायचा, ते तेव्हापासून तसंच चालत आलं होतं. धान कापून झालं की वासुदेवभाऊंच्या बांधावर हमीदभाऊ शेगडी मांडायचे. गल्लीतले आम्ही सगळे जायचो. वासुदेवभाऊंची मुलगी सुनीता लहानपणी हमीदभाऊंच्या खांद्यावरच वाढली, असं रुकय्याभाभी सांगायच्या. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. सुनीता माझ्या वर्गात होती तेव्हाही शाळा सुटली की आधी समोरच्या घरात जायची, मग आपल्या. "काका, आज काय कुटून राह्यले?" हा तिचा आवाज मी खिडकीतून रोज ऐकायचे.

सुनीताचं लग्न ठरलं. मुलगा गडचिरोलीला सरकारी कचेरीत होता. साधा, हसरा मुलगा. हमीदभाऊंनी जाहीर करून टाकलं की पोरीचं केळवण माझ्या अंगणात होणार. त्यासाठी त्यांनी महिनाभर आधीपासून बोलायला सुरुवात केली. असा कोंबडा नागभीडात कोणी खाल्ला नसेल, असा मसाला मी आजवर केला नसेल. लग्नसराईमुळे त्यांच्याकडे कामही खूप आलं होतं. दिवसभर त्यांचा मिक्सर घरघरत असायचा. खलबत्त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "खलबत्ता फोटोसाठी चांगला," म्हणायचे.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीमधला पांढरा गर. खायला बदामासारखा. पण त्याच्या भोवतीच्या टरफलात काळं तेल असतं आणि ते अंगाला लागलं की कातडी सुजते, फोड येतात. आमच्याकडे त्याला बिब्बा उतला म्हणतात. ते लगेच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुलतं. सगळ्यांना होतं असंही नाही. एखाद्याला नुसती खाज सुटते, एखाद्याचे डोळे मिटतात. म्हणून गोडंबी राखेत घोळून, चोळून, पुसून मग भाजायची असते. जंगलाकडच्या गावातून एक म्हातारी दरवर्षी हमीदभाऊंना साफ केलेली गोडंबी आणून द्यायची. त्या वर्षी ती आजारी पडली आणि आली नाही. हमीदभाऊंनी बाजारातून दुसऱ्याच कोणाकडून घेतली. रुकय्याभाभींनी राखेचं घमेलं पुढे ठेवलं होतं. हमीदभाऊंना घाई होती. "इतके वर्षं झाले, काई झालं काय?" म्हणाले आणि गर वरवर पुसून तसाच तव्यावर टाकला.

केळवणाच्या संध्याकाळी अंगण भरलं होतं. मीही होते, माझ्या रताळ्यांसह. सुनीता हिरवी साडी नेसून आली आणि थेट परातीपाशी बसली. "काका, एक कोंबडा मी चोळते. आता सासरी कोन शिकवनार?" हमीदभाऊ नको म्हणाले, साडी खराब होईल म्हणाले, पण त्यांचा चेहरा फुलला होता. तिने बांगड्या वर सारल्या. त्यांनी तिचा हात धरून दाखवलं, असं दाब, इथे बोट घाल. शेगडीच्या धगीने तिला घाम आला तेव्हा तिने मनगटाने, मग तळहाताने कपाळ आणि गाल पुसले. आम्ही सगळे पाहत होतो. तिच्या गालावर मसाल्याचा तांबूस पट्टा उमटला आणि कोणीतरी म्हणालं, हळदीआधी मसालाच लागला नवरीला. सगळे हसले. हमीदभाऊ सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता रंजनाकडे गेली. रंजना बसस्टँडजवळ एका खोलीत ब्युटी पार्लर चालवायची. नवऱ्याने टाकलेली, एकटी राहणारी, हाताने हलकी आणि स्वभावाने गंभीर बाई. नागभीडच्या निम्म्या नवऱ्या तिच्या हातून तयार झालेल्या. तिने सुनीताचं फेशियल केलं. रात्रीपर्यंत गाल लाल झाले, आणि त्याच्या पुढच्या सकाळी सुनीताला डोळे उघडता येईनात.

मी पाहायला गेले तेव्हा तिला ओळखलं नाही. कपाळ, पापण्या, गाल सगळं एक झालं होतं आणि वर बारीक पाण्याचे फोड. डॉक्टरने विचारलं, चेहऱ्याला काही लावलं होतं का? घरातल्या बायका एका सुरात म्हणाल्या, कालच फेशियल केलं. डॉक्टर म्हणाला, मग त्याचंच असेल. मुलाकडची आत्या बघायला आली, दारातूनच परतली आणि पोरीच्या अंगात काहीतरी रोग आहे असं तिकडे जाऊन सांगितलं. लग्न पुढे ढकललं गेलं. पुढे म्हणजे कधी, ते कोणी सांगेना.

वासुदेवभाऊ, ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, ते रंजनाच्या दारात जाऊन ओरडले. भर बाजाराच्या दिवशी. रंजना पुन्हा पुन्हा सांगत होती, "भाऊ, मी तेच क्रीम लावलं, जे सगळ्याइले लावते." कोणी ऐकलं नाही. कोणीतरी सुनीताच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली पार्लरचं नाव लिहिलं. तो फोटो ब्रह्मपुरीपर्यंत फिरला. वासुदेवभाऊंच्या शेजारी त्या दिवशी हमीदभाऊ उभे होते. लोकांना वाटलं, दोस्ताला आवरायला गेले असतील. पण त्यांनी आवरलंही नाही आणि ते बोललेही नाहीत.

त्यानंतर समोरचा मिक्सर थांबला. हमीदभाऊंच्या उजव्या हाताच्या बोटांवर पट्ट्या होत्या. मी विचारलं तेव्हा "शेगडीचा चटका," म्हणाले आणि हात पाठीमागे घेतला. गाडी लागायची, पण ते गिऱ्हाइकांशी बोलायचे नाहीत. दही लावलेल्या कोंबड्याची कोणी तारीफ केली तरी गप्प. मला वाटलं, सुनीताचं मनाला लागलं. रुकय्याभाभींनाही मी तसंच म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि "हो मॅडम, लागलंच," एवढं म्हणून आत गेल्या.

सुनीताची सूज उतरत गेली, फोड सुकले. रंजनाकडे मात्र कोणी फिरकलं नाही. लग्नसराई तशीच गेली.

मग एका दुपारी हमीदभाऊ माझ्या दारात आले. कधी विचारल्याशिवाय आत न येणारा माणूस, सरळ येऊन उंबऱ्यावर बसला. शर्ट घामाने भिजला होता.

"रंजनाबाई चालली," ते म्हणाले. "भद्रावतीले, भावाकडं. सामान टेम्पोत भरून राह्यली होती."

"तुम्ही तिथे गेला होतात?"

"रस्त्यानं जाऊन राह्यलो होतो. तिनं हाक मारली. हमीदभाऊ, आरशाचं एक टोक धरता काय, मले एकटीले पेलत नाई. मोठा आरसा आहे ना तो, खुर्चीसमोरचा. मी धरला. दोघांनी मिळून टेम्पोत ठेवला. तिनं माह्या हाताले हात लावला अन् म्हने, सगळ्या गावातून तुमी एकटेच मदतीले आले, भाऊ."

मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"मॅडम, तिनं काई नाई केलं. गोडंबी होती. बिब्बा उतला पोरीले. माह्या बोटाइच्या बेचक्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच फोड आले होते. सुनीता तवा पार्लरात बसली होती. मी समजून गेलो होतो. मले वाटलं, मसाला भुजल्यावर तेल जळून जाते, तिले नाई होनार. मग झालं. भुजलेलं खाल्लं त्याइले काई नाई, कच्चा मसाला लागला तिलेच. मग सगळे म्हने रंजना, रंजना. मी म्हटलं, आज नाई, उद्या सांगू."

"आणि आज? आरसा धरला तेव्हा?"

"तोंडापर्यंत आलं होतं. अन् मी म्हटलं, आरसा नीट धरा बाई, फुटंन."

मग ते म्हणाले, "तुमीच सांगून टाका ना वासुदेवले. तुमचं ऐकनार तो."

मी म्हटलं, "हमीदभाऊ, हे मी नाही सांगू शकत." त्यांनाही ते माहीत होतं. ते उठले, पाणी न पिताच ग्लास उंबऱ्यावर ठेवला आणि वासुदेवभाऊंच्या घराकडे न जाता सरळ शेताच्या वाटेला लागले. वासुदेवभाऊ त्या वेळी शेतावर असायचे.

तिथे काय झालं ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. वासुदेवभाऊ बांध नीट करत होते. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी फावडं खाली ठेवलं नाही. शेवटी विचारलं, "तुले केव्हा समजलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"म्हंजे मी रंजनाच्या दारात गेलो, तवा तुले माहीत होतं."

"हो."

"तू माह्या बाजूले उभा होता."

"हो."

"मले बोलू देल्लं."

मग वासुदेवभाऊ म्हणाले, "जा आता." आणि पुन्हा माती ओढायला लागले. त्या दिवसानंतर ते हमीदभाऊंशी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी नवऱ्या मुलाला गडचिरोलीला फोन केला आणि जसं होतं तसं सांगितलं. तो मुलगा दुसऱ्याच दिवशी एकटा बसने आला, सुनीतासमोर बसला आणि लग्नाची नवी तारीख घेऊनच गेला. लग्न दारातल्या दारात झालं. हमीदभाऊंना बोलावणं नव्हतं. सनईचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत येत होता आणि समोरचं दार दिवसभर लोटलेलं होतं.

त्या लग्नानंतर लवकरच ते मला म्हणाले, "मॅडम, भद्रावतीले चलता काय संगं? मले एकट्याले तिच्यासमोर बोलता येनार नाई."

आम्ही चंद्रपूरला उतरून भद्रावतीची बस धरली. सगळा रस्ता ते खिडकीबाहेर पाहत होते. एकदाच बोलले. "ती हाकलून देईन काय?" मी म्हटलं, कदाचित. त्यांनी मान हलवली, जणू हाकलून दिलेलंच बरं.

रंजना भावाच्या घरी मागच्या पडवीत राहत होती. भाऊ खाणीत ठेकेदाराकडे कामाला. पडवीच्या भिंतीला तो मोठा आरसा पाठ करून उभा ठेवला होता. आम्हाला पाहून तिला इतका आनंद झाला, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. तिने सतरंजी टाकली. हमीदभाऊ बसले नाहीत. उभ्यानेच, तिच्या पायांकडे पाहत त्यांनी सगळं सांगितलं. गोडंबी, राख, बोटांवरचे फोड, वासुदेवच्या शेजारी उभं राहणं, आरसा.

ऐकून झाल्यावर रंजना खाली बसली.

"मी ते क्रीम रोज लावून पाहत होती," ती म्हणाली. "इथी आल्यापासून. रोज सकाळी माह्याच तोंडाले. म्हटलं आज सुजंन, उद्या सुजंन. मलेच वाटे, माह्या हातानं काईतरी झालं. एखादं डबडं खराब निघालं असंन. त्या पोरीचा चेहरा रोज दिसे मले." मग तिने वर पाहिलं. "मी दुसऱ्या कोनाच्या चेहऱ्याले हात लावला नाई तवापासून, भाऊ. माहे हात थरथरते."

हमीदभाऊ तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही रडताना पाहिलं नाही. ते माफ करा म्हणाले. रंजना म्हणाली, "ते मले आता नका विचारू."

मग तिने विचारलं, "पोरीच्या चेहऱ्यावर डाग राह्यला का?"

"भुवईपाशी एक," मी म्हटलं. "फिका आहे."

"जाईन तो," ती म्हणाली, त्या कामातल्या बाईच्या आवाजात. मग हमीदभाऊंना म्हणाली, "तुमी मले सांगाले आले. पन मले तर माहीतच होतं थोडंफार, का मी काई केलं नाई. ज्याइले माहीत नाई, त्याइले सांगा. माह्या नावाचा फोटो सगळ्या गावानं पाह्यला ना? मग सगळ्या गावाले सांगा. माह्यासमोर नका येऊ पुन्हा."

तिने चहा केला नाही. पाणी मात्र दिलं, दोघांनाही.

त्याच आठवड्यात हमीदभाऊंनी गावच्या ग्रुपवर एका पोराकडून लिहून घेऊन सगळं टाकलं. फोटो फिरला होता तसं ते फिरलं नाही. बऱ्याच जणांनी वाचलंही नाही. मग ते गाडीवर सांगायला लागले. कोंबडा पुड्यात बांधताना, प्रत्येकाला. "रंजना पार्लरवालीचा काई कसूर नव्हता बरं. सुनीता गहाणेले जे झालं ते माह्या मसाल्यानं झालं. बिब्बा उतला होता." लोक आधी ऐकायचे, मग कंटाळले. काही म्हणायचे, झालं ना आता, सोडा. काहींनी येणंच बंद केलं. ज्या मसाल्याने तोंड सुजतं तो कोण खाणार? परगावचा एखादा माणूस, ज्याला ना सुनीता माहीत ना रंजना, तो बावचळून पुडा तिथेच ठेवून निघून जायचा.

रुकय्याभाभी एकदा चिडून म्हणाल्या, "सबको मालूम हो गया. रोज रोज काऊन?"

"आज जो आला त्याले माहीत नसंन," ते म्हणाले.

मसाल्यात काय असतं ते आता ते कोणी न विचारताच सांगायचे. धने, शहाजिरं, मिरी, सुंठ, दगडफूल, मोहफूल, भिवापुरी मिरची, आमचूर, मीठ. हेडमास्तरांना, बाबूला, सगळ्यांना एकच. गोडंबी त्यांनी कायमची काढून टाकली. तिच्याऐवजी खोबरं घालून पाहिलं, तीळ घालून पाहिले. जमलं नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. रताळ्याची ताटली देऊन ते आता चेहऱ्याकडे बघत थांबत नसत.

पुढच्या दिवाळीत सुनीता माहेरी आली, तेव्हा वडिलांना सांगून, त्यांच्या तोंडावर सांगून, हमीदभाऊंच्या अंगणात आली. नवराही बरोबर होता. "काका, याइले तुमचा कोंबडा खाऊ घाला," म्हणाली. हमीदभाऊंनी कोंबडा आणला, मीठ लावलं, परात पुढे घेतली. मसाल्यात हात घातला आणि तो तसाच ठेवून बसून राहिले. सुनीता त्यांच्याकडे बघत होती. तिच्या भुवईपाशी तो फिका डाग होता. शेवटी रुकय्याभाभींनी परात ओढून घेतली आणि मुकाट्याने चोळायला सुरुवात केली. त्यानंतर घरातलं चोळणं त्याच करायच्या. हमीदभाऊ निखारे बघायचे.

रंजना परत आली नाही. पण वर्षा-दीड वर्षाने एका शेजारणीने तिला लेकीच्या लग्नासाठी फोन केला आणि ती आली. बॅग घेऊन बसने, त्या दिवसापुरती. मग अधूनमधून येऊ लागली. तिचे हात पुन्हा स्थिर झाले होते, असं शेजारीण म्हणाली. स्टेशनच्या रस्त्याने ती जात नसे. हमीदभाऊंना ती आल्याचं कळायचं. त्या दिवशी ते गाडी लावायचे नाहीत. तिच्यावर आडवाट करायची वेळ येऊ नये, एवढंच म्हणायचे.

माझी बदली गडचिरोलीला झाली. निरोपाला हमीदभाऊंनी मसाल्याची पुडी दिली. त्यात काय आहे ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं आणि म्हणाले, "आधी थोडा हाताले लावून पाहा."

गेल्या थंडीत काही कामाने नागभीडवरून जात होते. स्टेशनच्या रस्त्यावर बस एका ट्रॅक्टरमागे अडकून उभी राहिली. ऊन उतरलं होतं. हमीदभाऊंची गाडी तिथेच होती, शेगडी पेटवलेली. ते स्टुलावर बसले होते. दाढीची मेंदी सुटलेली, पांढरी. बारीक झाले होते. मी खिडकीतून हाक मारणार, एवढ्यात ते गुडघ्यावर हात देऊन उठले. मला वाटलं, मला पाहिलं. पण त्यांचं लक्ष रस्त्याच्या पलीकडे होतं. तिकडून वासुदेवभाऊ येत होते, बाजारात माल विकून, खांद्यावर रिकामं पोतं टाकून. ते समोरून, पलीकडच्या कडेने, आपल्या नेहमीच्या चालीने गाडी ओलांडून पुढे निघून गेले. त्यांनी इकडे पाहिलं नाही. हमीदभाऊंनी हाक मारली नाही, हात केला नाही. दोन्ही हात अंगालगत धरून ते नुसते उभे होते.

"रोजच असं करतात," माझ्या शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी म्हणाली. मी पाहत असल्याचं तिला दिसलं असावं. "ते भाऊ दिसेनासे होईपर्यंत बसत नाहीत."

ट्रॅक्टर हलला. बस निघाली. मी मान वळवून पाहिलं तेव्हा वासुदेवभाऊ वळणापाशी पोचले होते आणि हमीदभाऊ अजून उभेच होते.